बंद कॉलेजची पोरं आणि त्यांचे सर

माझ्या टेबलामागच्या भिंतीवर पाटी होती, ‘विद्यार्थी समायोजन कक्ष’. आमच्या शिपाईमामांना ती कधी नीट म्हणता आली नाही. कुणी पत्ता विचारला तर ते सांगायचे, "त्या बाहेरनं आलेल्या पोरांच्या मॅडम व्हय? त्या कोपऱ्यात, जिन्याखाली." माझ्या कामाची एवढी नेमकी व्याख्या विद्यापीठाच्या कुठल्याही परिपत्रकात नव्हती.

बाहेरून आलेली म्हणजे मधेच आलेली. पहिल्या वर्षाला येणारी पोरं सगळीच नवी असतात. एकदम चुकतात, एकदम रुळतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला दुसऱ्या विद्यापीठातून बदलून येतो तो मात्र एकटाच नवा. वडिलांची बदली, आईचं आजारपण, कुणाचं लग्न, कुणाला न झेपलेलं मोठं शहर, अशी कारणं असायची. दारातून आत येतानाचा चेहरा मात्र सगळ्यांचा सारखा. लग्नाच्या पंगतीला उशिरा पोचलेल्या माणसासारखा. पानं वाढून झालेली, सगळे जेवायला लागलेले आणि हा हातात पिशवी घेऊन उभा.

कागदांचं काम सगळ्यांना माहीत असतं. टीसी, मायग्रेशन, जुन्या गुणपत्रिका. मग अभ्यासक्रमांचा ताळा बघायचा. तिकडं जो विषय यंदा असतो तो आमच्याकडं गेल्या वर्षीच होऊन गेलेला असतो, मग तो जादाचा पेपर म्हणून पोराच्या मानगुटीवर बसतो. एवढं झालं की ऑफिसच्या दृष्टीनं मुलगा ‘आला’. माझं काम तिथून पुढं. मेसमध्ये कुणाशेजारी बसायचं, प्रॅक्टिकलला जोडीदार कोण, नोट्स कुणाच्या मागायच्या, कुठल्या सरांना फोन चालतो आणि कुठल्या सरांना समोर उभं राहूनच विचारावं लागतं. हे कुठं छापलेलं नसतं. बाकीच्यांना ते दोन वर्षांत आपोआप कळलेलं असतं, आणि आपल्याला कळलंय हे त्यांना कळलेलंही नसतं.

नागपूरकडची एक मुलगी पहिल्याच आठवड्यात रडत माझ्याकडं आली. रूममेट्स तिच्यावर चिडल्यात म्हणाली. मी रूममेट्सना बोलावलं. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. "मी कुठं काय बोललो, मॅडम? नुसतं ‘जेवायला चल की’ म्हटलो." मग त्या नागपूरच्या मुलीला मी समजावून सांगितलं, की बाई, इथं माणसं प्रेमानं बोलतात तोच आवाज तुमच्याकडं भांडणाला लावत असतील. आणि इथल्या मुली ‘मी जातो, मी खातो’ म्हणतात, त्यानं दचकू नकोस. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी तिच्या आईचा मला फोन. "मॅडम, पोरगी फोनवर ‘मी जेवलो’ म्हणते जी. बरी आहे ना ती?" मी म्हटलं, "आता बरी आहे."

असल्या गोष्टी सांगायला मजा येते. माझ्या निरोपसमारंभात मी अशाच सांगितल्या आणि लोक हसले. ज्या गोष्टीनं मला आजही अस्वस्थ वाटतं ती मी तिथं सांगितली नाही. ती सांगायला व्यासपीठावरचे लोक वेगळे असायला हवे होते.

जिल्ह्याच्या दक्षिणेला, डोंगराकडच्या एका गावाबाहेर, एक छोटं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज होतं. ते आमच्या विद्यापीठाचं नव्हे, दुसऱ्याच विद्यापीठाला जोडलेलं. पोरं कमी होत गेली, मग शिक्षकांचे पगार थांबले, मग शिक्षक एकेक करून गेले आणि एका उन्हाळ्यात कॉलेज बंद झालं. राहिलेल्या पोरांची वाटणी झाली. मेकॅनिकलची तिसऱ्या वर्षाला जाणारी तुकडी आमच्या वाट्याला आली. तोपर्यंत माझ्याकडं एकेकटं पोर येत होतं. पहिल्यांदाच अख्खा वर्ग आला.

वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेणाऱ्या खासगी गाड्या भरून आली ती. ट्रंका, गाद्या, बादल्या टपावर बांधलेल्या. फाटकावरच्या आमच्या पोरांनी ते बघितलं आणि त्याच दिवशी नाव पडलं, ‘बंद कॉलेज’. "ए बंद कॉलेज, सरक की जरा." "बंद कॉलेजला विचार, त्यास्नी जर्नल पुरं करायचं असतंय काय म्हाईत हाय का." दुष्टपणा नव्हता त्यात, कोल्हापूरची पोरं कुणालाच नावाशिवाय सोडत नाहीत. पण ही पोरं ते नाव ऐकून गप्प बसायची, आणि गप्प बसणाऱ्याला इथं फार दिवस सोडत नाहीत. वर्गात ती सगळी शेवटच्या दोन रांगांत एकत्र बसायला लागली. शिक्षकही शिकवताना त्या दोन रांगांच्या अलीकडेच थांबायचे.

मला स्वतःला ते ओळखीचं होतं. मी कांबळे. नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात प्रत्येक जण पहिल्यांदा विचारायचा, "मूळच्या कुठल्या तुम्ही?" उत्तरानंतर समोरचा माणूस जरा थांबायचा. त्या थांबण्याची मला सवय झाली, म्हणून असेल, पण दुसऱ्याच्या बाबतीत ते थांबणं मला लांबूनही ऐकू येतं.

त्या पोरांच्या डोक्यावर एक पेपर लटकत होता. गणिताचा तिसरा पेपर, ज्याला सगळी इंजिनिअरिंगची दुनिया एम-थ्री म्हणते आणि नाव काढलं की पाणी पिते. आमचा एम-थ्री आणि त्यांचा एम-थ्री यांत निम्म्याहून जास्त फरक. तिसऱ्या वर्षाअखेर तो सुटला तर शेवटच्या वर्षात प्रवेश, नाहीतर एक वर्ष घरी. विद्यापीठानं रविवारी जादा तास ठेवले. शिकवायला एक तरुण प्राध्यापक. चांगला मुलगा, पण त्याला एवढ्या रविवारांत एवढं सगळं संपवायचं होतं, आणि ते तो पडद्यावरच्या पानांमागून पानं सरकवून संपवत होता.

त्या पोरांमध्ये सूरज म्हणून एक होता, चंदगडकडचा, उंच, धिप्पाड आणि आवाज त्याहून मोठा. एक दिवस तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. शेजारी तेजस्विनी, त्यांच्या जुन्या कॉलेजात पहिली येणारी मुलगी. ती पर्सचा पट्टा पिळत होती.

"मॅडम," सूरज म्हणाला, "तुमी आमास्नी आत घेतलं, हॉस्टेल दिलं, मेस दिली. समदं खरं. पण आमाला शिकवायला कोण घेतलंय?"

मी म्हटलं, "रविवारचे तास आहेत ना."

"ते तास न्हाईत, मॅडम. ती गाडी हाय. थांबतच न्हाय."

मग तेजस्विनी पहिल्यांदा बोलली. "बाबा म्हणालेत, वर्ष गेलं की शिक्षण थांबवायचं. मला एम-थ्री येत नाही असं नाही, मॅडम. मला विचारायला कुणी नाहीय."

मी विभागप्रमुखांकडं गेले. निंबाळकर सर, समजूतदार माणूस. आणखी काही तास वाढवतो म्हणाले, आणि वाढवलेही. पण थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की सूरज आणि तेजस्विनी आता तक्रार करत नाहीत. तक्रार एकदम थांबली की आमच्या धंद्यात काळजी वाटते. पोरगं रुळलेलं तरी असतं, नाहीतर त्यानं जायचं ठरवलेलं असतं. शनिवारी दुपारी ही सगळी तुकडी हॉस्टेलमधून गायब असते, असं वॉचमननं सांगितलं. मी सूरजला गाठलं. त्यानं आढेवेढे घेतले आणि मग म्हणाला, "चला, दाखवतो. पण कुणाला सांगू नका."

विद्यापीठाच्या मागच्या रस्त्याला, उसाच्या रानाला लागून, चहाची एक टपरी आहे. तिच्या पत्र्याच्या शेडखाली बाकड्यांवर आमची बंद कॉलेजची पोरं बसली होती. समोर प्लायवूडचा काळा रंगवलेला तुकडा खांबाला टेकवलेला, आणि त्याच्यापुढं एक बुटके, जाडसर गृहस्थ. पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, कपाळावर विभूतीचा पुसट पट्टा. हातातल्या खडूनं ते एक वक्र रेषा काढत होते आणि बोलत होते.

"घाबरू नका हो. हे लाप्लास म्हंजे काय? घाटातनं जायचं न्हाय म्हणून बोगद्यातनं जायचं. ह्या बाजूनं आत शिरायचं, पलीकडनं भाईर पडायचं. गाव तेच. शिरायचं कुठं आणि पडायचं कुठं एवढंच ध्यानात ठेवायचं. सूरज, सांग बघू, आता आपण कुठं हाय?"

"बोगद्यात, सर."

"मग दिवा लाव की. सूत्र कुठलं?"

पोरं हसली. मी त्या पोरांना हसताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

ते हुक्केरी सर. गडहिंग्लजचे. बंद पडलेल्या त्या कॉलेजात सुरुवातीपासून गणित शिकवत होते, आणि पगार थांबल्यावरही शेवटपर्यंत थांबलेले एकटेच. कॉलेज गेल्यावर भावाच्या खत-बियाण्यांच्या दुकानात बसायला लागले होते. पोरांनी फोन केला, एम-थ्री अडलंय म्हणून, तर शनिवारी दुपारी दुकान भावावर टाकून एस. टी. नं येत होते.

मला बघून ते खडू खिशात घालायला लागले. "तुमी ऑफिसातल्या काय? पोरांची तक्रार करू नका हो, अक्का. मीच बोलावलं त्यास्नी."

आमच्याकडं, कर्नाटकाच्या सीमेच्या बाजूला, मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. ते माझ्याहून वयानं मोठेच असतील, पण त्या दिवसापासून मी त्यांची अक्का झाले ती कायमची.

मी म्हटलं, "सर, इथं उन्हात कशाला? आत या. शनिवारी दुपारी आमच्या खोल्या रिकाम्याच असतात."

"आत?" त्यांनी विद्यापीठाच्या इमारतीकडं बघितलं. "चालंल?"

मी निंबाळकर सरांना विचारलं. ते म्हणाले, "पोरांना कुणी शिकवत असेल तर माझी हरकत नाही. बघा तुम्ही." तोंडी. त्यांनी तोंडी सांगितलं, मी तोंडी ऐकलं आणि खोलीची किल्ली घेतली.

पुढचे काही महिने मी नोकरीतले सर्वांत चांगले महिने म्हणेन. शनिवारचा तो वर्ग भरायला लागला. आणि मग एक गंमत झाली. एम-थ्री काही फक्त बंद कॉलेजच्या पोरांचा अडला नव्हता. आमच्याही वर्गातल्या बऱ्याच शूरवीरांचा तो मागल्या वर्षापासून राहिलेला होता. त्यातला एक जण सूरजला म्हणाला, "तुमच्या सरांच्यात मी आलो तर चालंल व्हय?" सूरजनं त्याला जरा वेळ तिष्ठत ठेवलं, एवढा सूड त्याला परवडणारा होता, आणि मग म्हणाला, "ये की. पण मागं बसायचं."

दुसऱ्या शनिवारी चार जण आले, मग दहा. सरांना कोण कुठला हे कळतच नव्हतं, ते सगळ्यांनाच सारखे दटावत. वर्गातल्या त्या शेवटच्या दोन रांगा हळूहळू सुटल्या. तेजस्विनीशेजारी आमच्याकडच्या दोन मुली बसायला लागल्या, कारण तिच्या वहीत सरांची उदाहरणं होती. ‘बंद कॉलेज’ हे नाव गेलं नाही, पण आता ते हाक मारायला वापरत, हाणायला नव्हे. इतकी वर्षं मी पोरांना सांगत आले होते की मिसळा, बोला, लाजू नका. ते सांगणं अर्धवट होतं हे मला तेव्हा कळलं. नव्या माणसाकडं काहीतरी असावं लागतं, जे जुन्या माणसाला हवं असतं. तोवर त्याला सगळे दयेनं सरकून जागा देतात. ह्या पोरांकडं त्यांचे सर होते.

दिवाळीनंतर विद्यापीठात तपासणी समिती येणार म्हणून धावपळ सुरू झाली. भिंतींना रंग, फाइलींना नवी कव्हरं. कुणीतरी विचारलं, शनिवारी वर्ग घेणारे ते गृहस्थ कोण? त्यांची नेमणूक कुठाय? नेमणूक नव्हती. मग बाहेरचा माणूस विद्यापीठाच्या वर्गात कसा? प्रश्न चुकीचा नव्हता. कुणीही आत येऊन शिकवायला लागला तर कसं चालेल, हे मलाही कळत होतं.

निंबाळकर सरांनीच मार्ग सुचवला. गणिताला तासिका तत्त्वावर एक जागा भरायची होती, म्हणजे तासाप्रमाणे मानधन घेऊन शिकवणारा शिक्षक. "हुक्केरींना अर्ज करायला सांगा. रीतसर होऊन जाईल सगळं."

सरांना मी फोन केला तेव्हा त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे परत शिकवायला मिळंल, अक्का? हजेरी घ्यायला?" हजेरीचं त्यांना काय एवढं, ते मला तेव्हा कळलं नाही; हजेरी घेतो तोच त्या वर्गाचा मास्तर, हे नंतर लक्षात आलं.

अर्जाला अनुभवाचा दाखला लागत होता. जुन्या संस्थेचा, सहीशिक्क्याचा. आणि तिथंच गाडी अडली. पोरांचे कागद त्यांच्या विद्यापीठात होते, ते तिथून आमच्याकडं आले. शिक्षकांचे कागद मात्र कॉलेजच्या ऑफिसात होते आणि ऑफिसला बँकेनं सील ठोकलं होतं.

मी म्हटलं, आपण जाऊन तरी बघू. एका सुट्टीच्या दिवशी मी आणि सर एस. टी. नं तिथं गेलो. फाटकावर जुना वॉचमन होता, तो अजून तिथंच राहत होता. सरांना बघून लगबगीनं उठला. "सर! आत या. इमारतीत सोडाय येत न्हाय, पण आवारात फिरा की." आवारात गुडघाभर गवत वाढलेलं. वर्कशॉपच्या शेडखाली कुणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या. ऑफिसच्या खिडकीला गज होते, आणि गजांमधून आत लोखंडी कपाटांची रांग दिसत होती.

सरांनी गजांना हात लावला. "ते तिसरं कपाट बघ, अक्का. माझी समदी नोकरी त्यात हाय."

संस्थेच्या अध्यक्षांचं घर तिथून जवळच. त्यांनी चहा पाजला. सरांची चौकशी केली, पोरं कशी आहेत विचारलं. आणि मग म्हणाले, "बँकेचं मिटू दे सर, पहिली सही तुमच्या दाखल्यावर करतो." परत येताना गाडीत सर खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, ते रागावले असतील. पण ते म्हणाले, "वॉचमनचं बरं हाय बघ. त्याचं कॉलेज अजून चालू हाय."

दाखल्याशिवायच अर्ज भरला. मी सोबत पोरांच्या सह्यांचं निवेदन जोडलं, त्यात आमच्याकडच्याही पोरांच्या सह्या होत्या. निंबाळकर सरांनी शिफारस केली. मुलाखतीच्या दिवशी हुक्केरी सर इस्त्रीचा शर्ट आणि नव्या चपला घालून आले. आत ते फार वेळ नव्हते.

"काय विचारलं?" मी म्हटलं.

"शोधनिबंध किती, म्हणाले. एकबी न्हाय म्हटलं. पीएच. डी.? न्हाय. मग म्हणाले, इतकी वर्षं काय केलंत?"

"मग?"

"शिकवलं, म्हटलं." ते हसले, पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "बरोबर हाय त्यांचं. नियम हाय."

जागेवर पीएच. डी. झालेला एक तरुण घेतला. नियमाप्रमाणे तोच यायला हवा होता आणि तो आला. संध्याकाळी निंबाळकर सर स्वतः माझ्या जिन्याखालच्या खोलीत आले. ते एरवी कधी येत नसत. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कांबळे मॅडम, मला पटतं हो तुमचं. पण मला काय पटतं ह्याला त्या कागदावर रकाना नाही." मला त्यांच्यावर चिडताही आलं नाही. खरं तर चिडायला कुणीतरी हवं होतं. प्रत्येक माणसानं आपापल्या जागी बरोबर तेच केलं होतं.

त्यानंतर सरांना वर्गात येऊ देणं शक्य नव्हतं. पोरं म्हणाली, परत टपरीवर भरवू. सूरज प्लायवूड शोधून घेऊन आला. पण सरांनी नकार दिला. मी फोनवर खूप समजावलं.

"न्हाय, अक्का. आता भाईर बसलो तर त्या नव्या सरांचा अपमान होतोय. पोरं त्याचं ऐकणार न्हाईत, माझी वाट बघत बसणार. मास्तराचं नुकसान पोरांनी केलं तर ती पोरं पुढं कुणाकडनंच शिकत न्हाईत." मग म्हणाले, "पयला आलतो तवा मला कुणी आत घेतलं नव्हतं. तवा बरं व्हतं. आत घेऊन भाईर काढल्यावर परत त्याच रस्त्याला उभं ऱ्हायाला जमत न्हाय."

मी फोन ठेवला. मी त्यांना आत बोलावलं नसतं तर ते शेवटपर्यंत त्या पत्र्याखाली शिकवत राहिले असते का, हा विचार मी पुष्कळदा केलाय. चांगलं करायला गेलं आणि भलतंच झालं, याची मनाला समजूत कशी घालतात ते मला इतक्या वर्षांच्या समजूत घालण्याच्या नोकरीतही आलं नाही.

सूरज पुढं कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. नवे सर आले. हुशार होते, मन लावून शिकवायचे. तेजस्विनी त्यांच्याकडं शंका घेऊन जायची, आणि ती उन्हाळ्यात एम-थ्रीत चांगल्या गुणांनी सुटली. बाकीची पोरंही सुटली. आमच्याकडचे जुने शूरवीरसुद्धा सुटले. सूरज राहिला.

निकालाच्या दिवशी तो माझ्याकडं आला. मी म्हटलं, "अरे, नव्या सरांना विचारायचं होतंस."

"विचारायचं व्हतं, मॅडम. पण त्यांना विचारायला आधी थोडं तरी यावं लागतंय. हुक्केरी सरांना कायच न येता विचाराय येत व्हतं."

त्याचं वर्ष गेलं. तो गावी गेला, मधूनमधून येऊन परीक्षा देऊन गेला, शेवटी सुटला आणि शेवटचं वर्ष पुरं करायला परत आला. तोवर त्याच्या बरोबरची सगळी पोरं बाहेर पडली होती. तेजस्विनी पुण्याला नोकरीला लागली होती. आमच्या विद्यापीठात तो पुन्हा एकदा एकटा, नवा, मधेच आलेला. मी त्याला मेसमध्ये दोन पोरांशेजारी बसवून दिलं, पहिल्या दिवशी बसवलं होतं तसंच. तो ताट घेऊन बसला.

बाकीची पोरं सुटली त्या वर्षीच्या अहवालात माझ्या कक्षावर अर्धं पान आलं होतं. बंद झालेल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचं यशस्वी समायोजन. मसुदा मीच लिहिला होता आणि त्यात हुक्केरी सरांचं नाव घातलं होतं. छापून आलं तेव्हा नावाच्या जागी ‘बाह्य तज्ज्ञांचे सहकार्य’ असे शब्द होते. मी विचारलं. ज्यांची नेमणूक नाही त्यांचं नाव कसं छापणार, असं उत्तर मिळालं.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी सूरजची पदवी झाली. पदवीदान झाल्यावर तो माझ्याकडं आला आणि म्हणाला, "मॅडम, सरांना दाखवायला गडहिंग्लजला जातोय. तुमीबी चला की."

मला जायला धीर होत नव्हता, पण गेले.

दुकान बाजाराच्या रस्त्याला. पोत्यांची थप्पी, औषधांच्या बाटल्यांचे खोके, खताचा तो नाकात बसणारा वास. पेरणीचे दिवस तोंडावर आलेले, गिऱ्हाइकांची गर्दी. सर काउंटरमागं उभे होते. थोडे वाळले होते. सूरजला बघून त्यांनी हातातलं काम टाकलं, हात रुमालाला पुसले, दोन्ही हातांनी पदवीचा कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग परत वरपासून वाचला.

"आपल्या कॉलेजचं नाव कुठं हाय?"

सूरज माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, "सर, पदवी शेवटच्या विद्यापीठाची असते. त्यावर आधीच्या कॉलेजचं नाव नसतं."

"व्हय की," ते म्हणाले. "नसतंय. असंच बघितलं." त्यांनी कागद सूरजला परत दिला, त्याच्या खांद्यावर थापटलं आणि आतल्या पोऱ्याला चहा सांगितला. "अक्का, बस. स्टुलावर बस. सूरज, आता पुढं काय? नोकरीचं काय झालं?"

सूरज सांगायला लागला, शिरोलीच्या एका कारखान्यात बोलावलंय म्हणून. सर ऐकत होते. तेवढ्यात एक शेतकरी पुढं आला, खेड्यातला, पन्नाशीचा. हातात औषधाची बाटली. "शेठ, ही पंपाला किती घालायची? मागल्या येळी जास्ती झाली आणि पानं करपली."

सरांनी काउंटरवरचं एक जुनं कॅलेंडर उलटं केलं आणि पेन घेतलं. "पंप केवढा तुमचा? बरं. ही बाटली अशी समजा, आणि हे पाणी. आता ह्यातलं एवढं ह्याच्यात गेलं, तर दुसऱ्या पंपाला किती जायला पायजे? तुमीच सांगा बघू. न्हाय, घाई नको. परत बघा." शेतकरी वाकून बघत होता, बोटावर मोजत होता. पहिल्यांदा चुकला. सरांनी त्याला चुकू दिलं, परत आकृती काढली. दुसऱ्यांदा बरोबर आलं, आणि त्याचा चेहरा उजळला. मागं उभी राहिलेली दोन-तीन गिऱ्हाइकंही मान पुढं करून त्या कॅलेंडरकडं बघत होती.

"आता डोक्यात बसलं," शेतकरी म्हणाला. त्यानं बाटली पिशवीत घातली, आणि जाता जाता वळून म्हणाला, "शेठ, तुमी मास्तर व्हायला पायजे व्हतं."

सूरजनं तोंड उघडलं. सरांनी त्याला हातानंच थांबवलं.

"व्हतो की," ते म्हणाले, आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं.